निस्तोरची काळी

फिरुत्साला ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांत स्वप्न पडलं आणि पुरतं उजाडायच्या आत तिनं लेकीला फोन लावला. लेक म्हणजे ओलिंपिया, क्रायोव्हा शहरात ट्राम चालवते. पहिल्या फेरीसाठी ती घराबाहेर पडत होती. एक बाही कोटात, एक बाहेर.

"तुझे बाबा आले होते," आई म्हणाली.

"बरं."

"बरं काय? पायी आले होते. काळीला हातानं ढकलत. घामानं नुसते थबथबलेले. मी म्हटलं, अहो, बसा की तिच्यावर. तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि पायात काही नाही."

"आई, बूट दिले होते आपण. नवे दिले होते."

"ते होत नसणार त्यांना. पाय अजून सुजलेलेच आहेत."

ओलिंपियानं दुसरी बाही चढवली. तिचा नवरा एमिल कॉफीचा कप घेऊन दाराशी उभा होता. सासूचा आवाज त्यालाही ऐकू येत होता.

"मी तुला तेव्हाच सांगत होते," आई पुढे म्हणाली, "एमिलला देऊ नकोस म्हणून. बिचाऱ्याला साधी सायकल धड येत नाही."

"मला उशीर होतोय," म्हणून ओलिंपियानं फोन ठेवला. एमिलनं कॉफीचा आणखी एक घोट घेतला. शहाणा माणूस आहे.

आता हे सगळं काय आहे ते सांगायला हवं. जिऊ नदीकाठच्या आमच्या गावांत माणूस मेला म्हणून त्याच्या गरजा संपत नाहीत. त्याला तिकडे कोट लागतो, टोपी लागते, बिछाना लागतो, प्यायला पाण्याचं भांडं लागतं. हे पोचवायचा रस्ता एकच. वस्तूला मेणबत्ती लावायची आणि मेलेल्याच्या नावानं ती कुणा जिवंत माणसाच्या हातात द्यायची. घेणाऱ्यानं 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि नाव घेऊन 'त्याला पोचो' म्हणायचं. मग ती वस्तू फाटकाबाहेर न्यायची आणि वापरायची. त्यानं इथे कोट घातला की तिकडे मेलेल्याच्या अंगात कोट. त्यानं तो खुंटीला टांगून ठेवला तर तिकडेही खुंटीलाच. दिलेली वस्तू त्या फाटकातून परत आत आली तर सगळं मुसळ केरात. याला पोमाना म्हणतात. पाद्रीबाबा या प्रकाराला नाकं मुरडतात, पण जेवायला येतात.

निस्तोर गेला त्याला वर्ष होत आलं होतं. चाळिसाव्या दिवसाच्या पोमानाला मायलेकींनी हात आखडता घेतला नव्हता. कोट, टोपी, बिछाना, रेडिओ, दाढीचं सामान, झाडून सगळं दिलं. प्रश्न होता तो काळीचा. काळी म्हणजे निस्तोरची साइडकार नसलेली जुनी मोटारसायकल. गावानं तिच्याशिवाय निस्तोरला पाहिलं नव्हतं. तेव्हा तिच्याशिवाय त्याला तिकडे धाडायचं तरी कसं? आणि ओलिंपियाला तर ती देववेना. बाबांचं तेवढं एकच उरलं होतं.

मग तिनं शक्कल लढवली. काळी तिनं आपल्याच नवऱ्याला दिली. एमिलनं कोबीच्या पानात गुंडाळलेला भाताचा उंडा तोंडात असतानाच 'बोग्दाप्रोस्ते' म्हटलं, काळी ढकलत फाटकाबाहेर नेली, कुंपणाला वळसा घातला आणि मागच्या बाजूच्या मोडक्या कुंपणातून पुन्हा शेडमध्ये आणून उभी केली. फाटकातून आणली नाही ना, मग झालं. ओलिंपियानं शेडला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आनिका आजी, गावातल्या प्रत्येक मेलेल्याला शेवटची आंघोळ घालणारी म्हातारी, ओट्यावर बसून हे बघत होती.

"पोरी," ती म्हणाली, "तिकडे वकिली चालत नाही."

त्यानंतर वर्षभर ओलिंपिया सुट्टीच्या रविवारी गावी येई, शेड उघडी, ताडपत्री काढी आणि काळी सुरू करून तिच्यावर नुसती बसून राही. त्या इंजिनाचा आवाज तिला आईच्या आवाजाइतकाच ओळखीचा होता. लहानपणी संध्याकाळी पॉप्लरच्या वळणाशी तो आवाज आला की आई ताटं मांडायला घेई आणि फाटक उघडायला बाहेर पडे. शेडमध्ये तो आवाज ऐकला की तिला वाटे, बाबा कुठे गेले नाहीत. मग इंजिन बंद करावं लागे आणि बाबा पुन्हा जात.

आई शेडकडे फिरकत नसे. तिचं दुसरंच काही चाललं होतं. निस्तोर नेहमी घरी शेवटी यायचा, म्हणून फाटकाची कडी लावायचं काम त्याचं होतं. तो गेल्यापासून फाटकाला कडीच लागली नव्हती. "चोर शिरतील," ओलिंपिया म्हणायची. "शिरू देत," आई म्हणायची, "काय न्यायचंय? शेडची किल्ली तर तुझ्याकडे आहे."

काळीची गोष्ट आजोबांपासूनची. निस्तोरचा बाप इलारिये लोहार होता. युद्ध संपत आलं त्या साली नदीकाठच्या मक्यात त्याला साइडकार लावलेली एक मोटारसायकल चाकं वर करून पडलेली सापडली. कुठल्यातरी लष्करानं टाकून दिलेली. कुठल्या, ते त्यानं विचारलं नाही. त्या वर्षी लष्करं दोन्ही दिशांनी येत-जात होती. त्यानं ती घरी आणली, आणि घोड्यांची नावं ठेवायची सवय असल्यामुळे तिचंही नाव ठेवलं.

पुढे नवी राजवट आली आणि ज्याच्याकडे काही आहे त्याचे दिवस वाईट आले. इलारियेनं काळी सुटी केली. इंजिन द्राक्षांच्या चोथ्याखाली पिंपात, चाकं माळ्यावर, हँडल धुराड्यात. साइडकार कुठेच मावेना. मग बायकोनं तिच्यात उशा घातल्या आणि तान्ह्या निस्तोरला निजवलं. झडतीला आलेल्या साहेबानं घर उलथंपालथं केलं, आणि पोर रडायला लागलं तेव्हा जाता जाता साइडकारलाच दोन झोके दिले. ही गोष्ट निस्तोर दर ईस्टरला सांगायचा. झोके दरवर्षी वाढत. शेवटच्या ईस्टरला साहेबानं अंगाईपण म्हटली होती.

तीन वर्षांनी धाकटा झाहारिया झाला, तोही त्याच पाळण्यात वाढला. दिवस निवळले तेव्हा बापानं दोन्ही पोरांना हाताशी धरून काळी जोडली. दोघं तिच्यावरच चालवायला शिकले. सुईणीला आणायला काळी, डॉक्टरला आणायला काळी, फिरुत्सा लग्न होऊन आली ती साइडकारमध्ये बसून, मांडीवर हुंड्यातली कोंबडी.

निस्तोर पुढे सहकारी शेतीच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. दिवसा बीट आणि मका वाहायचा, पण गावात कुणी गेलं की त्याच ट्रकची फळ्या पाडून शववाहिका व्हायची. तेव्हा निस्तोर टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवायचा आणि दफनभूमीपर्यंत उघड्या डोक्यानं गाडी चालवायचा. ओलिंपिया लहान होती, हट्टानं त्याच्याबरोबर बसायची. "ब्रेक असा लाव," तो सांगायचा, "की मागे निजलेल्यालाही कळू नये." ट्राम चालवायला लागल्यावर तिनं तेच केलं. तिच्या गाडीत म्हाताऱ्या उभ्यानं विणकाम करत. बाप एकदा क्रायोव्हाला आला, शेवटपर्यंत तिच्या ट्राममधून हिंडला आणि उतरताना एवढंच म्हणाला, "कळलं नाही हं."

आईच्या फोनच्या दिवशी मात्र पहिल्याच थांब्यावर ट्रामला असा हिसका बसला की कुणाच्यातरी पिशवीतले टोमॅटो पार ड्रायव्हरच्या पायापर्यंत घरंगळत आले. ओलिंपिया ते उचलायला वाकली आणि तिथेच तिला रडू फुटलं. ती असल्या गोष्टी मानत नव्हती. मेलेली माणसं गाड्या ढकलत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण शेवटच्या हिवाळ्यात बाबांचे पाय कसे झाले होते तेही तिनं पाहिलं होतं. काळीवर टांग टाकता येत नव्हती, तर शेडमध्ये तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे, हात सीटवर ठेवून. ते पाय आणि ती अवजड गाडी, आणि चढ. तिला ते चित्र डोळ्यांपुढून हलवता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली.

"स्वप्न आहे गं ते," गावी पोचल्यावर ती आईला म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज पडलेला होता.

"मग मलाच का पडतं? तुला का नाही पडत?" फिरुत्सा मिरच्या भाजत होती, तिनं मान वर केली नाही. "तू त्यांची गाडी कुलपात घातलीस. तुझ्याकडे यायचा संकोच वाटत असेल त्यांना. भिडस्त माणूस."

"दिली तर गेलीच की आई. कायमची गेली."

"हो."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

आईनं मिरची उलटली. "मला तेवढं बघायचंय की ते बसलेत," ती म्हणाली. "आयुष्यभर बसून फिरलेला माणूस. आता म्हातारपणी पायी."

लेकीनं भाजलेली एक मिरची सोलायला घेतली. मग ओलिंपियानं विचारलं, "कुणाला द्यायची?"

"वापरणाऱ्याला. पोरांना दिली तर विकून मोकळी होतील. काळी चालवता येणारा गावात एकच माणूस उरलाय."

नाव विचारायची गरज नव्हती. "तो येणार नाही," ओलिंपिया म्हणाली.

"मी गेले तर नाही म्हणेल. तू जा. तुझं नाक थेट त्याच्या आईचं आहे. त्या नाकाला नाही म्हणणं त्याला जमणार नाही."

झाहारिया आणि निस्तोर तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बापानं मरताना "गाडी दोघांची" एवढंच म्हटलं होतं आणि डोळे मिटले होते. काही बापांना मरतानासुद्धा नीट बोलता येत नाही. त्याच्या वर्षाच्या पोमानाच्या जेवणावर शब्दाला शब्द वाढला आणि झाहारिया उठला. "दोघांची ना? मग माझी अर्धी मी नेतो." तो पाना घेऊन साइडकारच्या बोल्टला भिडला. ओलिंपिया तेव्हा दुसरीत होती, ओट्याच्या पायरीवर बसून बघत होती. बोल्ट हलेना. निस्तोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं पेटीतून दुसरा पाना काढला, भावापुढे धरला आणि म्हणाला, "सतरा नव्हे, एकोणीस."

झाहारियानं तो घेतला, साइडकार सोडवली, ओढत घरी नेली. दोघा भावांमधलं ते शेवटचं बोलणं. पानाही परत आला नाही.

आता ओलिंपिया विहिरीच्या पलीकडच्या त्याच्या घरापाशी आली तेव्हा साइडकार फाटकालगत तशीच होती, रस्त्यावरून दिसेल अशी. लहानपणी तिनं तिच्यात कोंबड्या बसलेल्या पाहिल्या होत्या, आणि त्या बघून आईनं डोळ्याला एप्रन लावलेलाही पाहिला होता. आता कोंबड्या नव्हत्या. तळ सडून गेला होता आणि त्यातून गवत वर आलं होतं.

"बघतेस काय?" झाहारिया अंगणात अक्रोड सोलत बसला होता, बोटं काळी झालेली. "दोनच वर्षं बसवल्या कोंबड्या. मग तुझ्या बापानं इकडून जाणंच सोडलं. मळ्याकडून वळसा घालून जायचा. मग कोंबड्या तरी कुणासाठी ठेवू?"

"काका, परवा बाबांचं वर्षाचं पोमाना आहे."

"ठाऊक आहे."

"काळी तुम्हाला द्यायची आहे."

त्यानं अक्रोड खाली ठेवला. "एमिलला दिलीत ना? गावानं बघितलं. कुंपणातून आत घेतलीत. आनिका आजीनं चार घरांना पुरेल इतकं हसवलं."

"चुकलं ते."

"मला नको," तो म्हणाला. "ज्याच्या मातीला मी गेलो नाही, त्याच्या नावानं हात पुढे करू? लोक शेण घालतील तोंडात."

ओलिंपिया उठली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. फाटकापाशी जाऊन ती वळली. "ते पायी चाललेत काका," ती म्हणाली. "आईच्या स्वप्नात येतात. काळी हातानं ढकलत असतात."

झाहारियानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, बहुतेक नाकाकडे. "पेट्रोलची तोटी उघडली नसेल," तो म्हणाला. "नेहमी विसरायचा." एवढं बोलून त्यानं खाली बघितलं आणि पुढचा अक्रोड त्याच्या हातून तीनदा निसटला.

"येणार का?"

"माझ्याकडे आली की त्या फाटकातून परत आत नाही यायची. हे तुला कळतंय ना, पोरी? कधीच नाही."

"कळतंय," ओलिंपिया म्हणाली.

पोमानाच्या दिवशी अंगणात टेबलं लागली. गव्हाची गोड रास, त्यावर साखरेचा क्रॉस, कोबीचे उंडे, मक्याची घट्ट उकड, आलुबुखाराची दारू. दारूचा पहिला थेंब प्रत्येकानं निस्तोरसाठी जमिनीवर सांडला आणि उरलेली स्वतःसाठी संपवली. पाद्रीबाबांनी नाव घेऊन प्रार्थना म्हटली, सूप घेतलं आणि पुढचं आपल्याला दिसू नये म्हणून लवकर निघाले. ओलिंपियानं शेड उघडली. आदल्या दिवशी तिनं काळी घासूनपुसून ठेवली होती, टाकी भरली होती, तोटी उघडली होती. हँडलला मेणबत्ती बांधली, विणलेला टॉवेल आणि पावाचं कडं अडकवलं आणि गाडी अंगणाच्या मध्ये आणून उभी केली.

झाहारियाचा पत्ता नव्हता. लोक जेवता जेवता फाटकाकडे बघत होते. ओलिंपियाच्या मनात दोन्ही होतं. तो यावा असंही वाटत होतं, आणि न आला तर आपण तरी काय करणार असंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्यानं तिला हायसं होत होतं, आणि त्या हायसं होण्याची लाज वाटत होती.

तो आला. लग्नकार्याला घालायचा काळा सूट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. फाटकाबाहेर थांबला. फिरुत्सा उठून गेली आणि तिनं फाटकाची दोन्ही दारं उघडली.

"या भावजी," ती म्हणाली. "जेवण गरम आहे अजून."

"आधी ते होऊ दे वहिनी. नंतर घशाखाली उतरलं तर बघू."

मायलेकींनी दोन्ही बाजूंनी हँडल धरलं. आनिका आजीनं मेणबत्ती पेटवली. झाहारियानं टोपी काढली आणि हात पुढे केले.

"बोग्दाप्रोस्ते," तो म्हणाला. मग थांबला.  "दादाला पोचो."

"नाव घ्यावं लागतं, झाहारिया," आनिका आजी म्हणाली. "तिकडे दादा पुष्कळ आहेत."

अंगणात कुणी हसलं नाही.  आजी थांबून राहिली. सत्तरीचा माणूस भर गावासमोर उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. मग त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"निस्तोरला," तो म्हणाला. "निस्तोरदादाला पोचो."

मायलेकींनी हात सोडले. तो काळीवर बसला. बसताना गुडघा कुरकुरला, पण टांग बरोबर पडली. त्यानं किक मारली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दुसरी मारली, तिसरी मारली. तोटी तपासली. पुन्हा मारली. मेणबत्ती हलत होती, मेण त्याच्या बोटांवर गळत होतं. टेबलांवरची कुजबुज वाढली. निस्तोरच सोडत नाही, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"खरं आहे," झाहारिया म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "नको म्हणतोय तो मला. तीस वर्षं नको म्हणत होता, आज कसा हो म्हणेल?"

ओलिंपियाला कारण ठाऊक होतं. भावांचं फाटल्यावर दोन-तीन वर्षांनी काळीच्या कार्बोरेटरची, थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप मोडली होती. निस्तोरनं ती कधी बसवली नाही. त्याऐवजी तो लेकीला हाक मारायचा. ती धावत येऊन कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबायची, बाप किक मारायचा, इंजिन धरायचं आणि तो म्हणायचा, "हात काढ." रोज सकाळी. तिचं लग्न झाल्यावर तो तळहात आईचा झाला, आणि या वर्षभर शेडमध्ये ओलिंपिया शेजारी वाकून उभी राही, स्वतःच तळहात दाबी आणि पायानं किक मारी. झाहारियाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. घरात हे दोघीच जाणत होत्या.

तिनं आईकडे पाहिलं. आई आधीपासूनच तिच्याकडे बघत होती. आईला जाऊन हात लावता आला असता. ती जागची हलली नाही.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. लोक म्हणाले असते, निस्तोरची इच्छा नव्हती. काळी शेडमध्ये परत गेली असती आणि ओलिंपियाला कुणी बोल लावला नसता. किल्ली तिच्या खिशात होती. आणि कुठल्याशा चढावर बाबा वाकून, उघड्या पायांनी, ढकलत राहिले असते.

ती गेली, काळीच्या बाजूला उकिडवी बसली आणि तळहात तोंडावर दाबला. "आता मारा काका."

त्यानं किक मारली. तळहात आत ओढला गेला, बोटांना पेट्रोलचा गारवा लागला, आणि काळीनं धरलं. तोच आवाज. अंगणातली भांडी थरथरली. ओलिंपियाचा हात होता तिथेच राहिला. तिला हात काढता येईना. दम कोंडल्यासारखं इंजिन अडखळायला लागलं, आता बंद पडणार असं वाटलं.

"हात काढ, पोरी," झाहारिया म्हणाला.

आवाज हुबेहूब बापाचा. भाऊच ते. तिनं हात काढला.

काळी मोकळी होऊन गरजली. झाहारियानं गियर टाकला आणि जळती मेणबत्ती हँडलवर घेऊन तो उघड्या फाटकातून बाहेर पडला. विहिरीच्या अलीकडेच मेणबत्ती विझली. ओलिंपिया उकिडवीच बसून राहिली, काळा झालेला तळहात मांडीवर उपडा ठेवून. वर्षभर तिनं बापाला अडवून धरलं होतं, आणि आता सोडल्यावर तिला त्याच्या मरणाचं खरं रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. एमिल तिच्याशेजारी येऊन जमिनीवर बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी ओट्यावर घेवडा सोलत होत्या. ओलिंपियाला उजाडताच निघायचं होतं. पॉप्लरच्या वळणाशी आवाज आला. आईनं टोपली बाजूला ठेवली, एप्रन झटकला, उठली आणि जाऊन फाटक उघडलं. 

काळी जवळ आली. झाहारियानं फाटकापाशी वेग इतका हळू कमी केला की कधी केला ते कळलं नाही. एका हातानं टोपी काढली, आत न बघता उघड्या डोक्यानं घरावरून पुढे गेला, आणि विहिरीपाशी पुन्हा घातली. आवाज लहान होत त्याच्या अंगणात शिरला आणि बंद झाला.

आई फाटकाला धरून उभी होती.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "बसले होते."

"हो आई."

"चांगले टेकून बसले होते."

मग तिनं फाटकाची दोन्ही दारं ओढून घेतली आणि वर्षात पहिल्यांदा आतून कडी लावली.